कृत्रिम रक्तवाहिनी धमनीसारखी लवचीक का हवी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायपास, डायलिसिस किंवा महाधमनीच्या ऑपरेशनच्या निमित्ताने ‘ग्राफ्ट’, म्हणजे रक्तासाठी जोडलेली पर्यायी नळी, हा शब्द घरात येतो आणि प्रश्न सुरू होतात. मी कापडतंत्राची इंजिनिअर. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले आणि आता माणसाच्या शरीरात बसणाऱ्या कापडी नळ्यांवर काम करते. रुग्णांचे नातेवाईक आणि विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उपचाराचा निर्णय अर्थातच तुमच्या सर्जनशी बोलून घ्यायचा.

ग्राफ्ट तर हातात सहज वाकतो. मग तो लवचीक नाही असं का म्हणता?

वाकणं वेगळं आणि फुगणं वेगळं. डेक्रॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या ग्राफ्टला हार्मोनियमच्या भात्यासारख्या बारीक चुण्या असतात. त्यामुळे नळी वाकवली तरी तिला मोड पडत नाही आणि लांबीतही ती थोडी ताणते. पण तीच नळी आतून फुगवून बघा, ढिम्म हलत नाही.

धमनीचं काम मात्र फुगण्याचंच आहे. हृदयाच्या दर ठोक्याला तिचा घेर किंचित वाढतो आणि लगेच पूर्ववत होतो. मनगटावर नाडी बघताना बोटाला जाणवतो तो हाच हलका धक्का. दाब ठरावीक प्रमाणात वाढला की व्यास किती टक्क्यांनी वाढतो, या मापाला कम्प्लायन्स म्हणतात. या पानावर ‘लवचिकता’ म्हटलं की हाच अर्थ घ्यावा.

धमनीत असं काय असतं जे कापडात नसतं?

आम्ही नव्या विद्यार्थ्यांना आधी पुस्तक देत नाही. खाटकाकडून बकऱ्याची महाधमनी आणतो, तिचं बोटभर रुंद कडं कापतो आणि सांगतो, दोन बोटांत अडकवून हळूहळू ताण. पिवळसर, ओलसर, किंचित खरबरीत असं ते कडं असतं. सुरुवातीला रबरासारखं सहज ताणतं. मग एका जागी येऊन अडतं, जणू आत सैल पडलेली दोरी होती आणि ती आता ताठ झाली. सोडलं की पुन्हा मूळ आकारात. हा अनुभव एकदा बोटांना आला की पुढचं सगळं समजावणं सोपं जातं.

सुरुवातीची ती रबरी ढील इलास्टिन या प्रथिनामुळे येते आणि शेवटची अडवणूक कोलॅजनमुळे. विश्रांतीत कोलॅजनचे तंतू नागमोडी पडलेले असतात. धमनी फुगत गेली की ते एकेक करून सरळ होतात आणि भार उचलतात. मार्गो रोच आणि ॲलन बर्टन यांनी १९५७ मध्ये हे फार सुंदर दाखवून दिलं. माणसाच्या धमनीचे तुकडे घेऊन त्यांनी काहींतलं इलास्टिन विरघळवलं, काहींतलं कोलॅजन. कोलॅजन काढल्यावर उरलेली धमनी मऊच राहिली, इलास्टिन काढलेली पहिल्यापासून ताठ. म्हणजे कमी दाबाला इलास्टिन उत्तर देतं आणि जास्त दाबाला कोलॅजन. दाब आणि ताण यांचा आलेख काढला तर तो हॉकी स्टिकसारखा दिसतो: आधी आडवा, मग झपकन वर.

पॉलिएस्टरच्या धाग्यात ही दोन टप्प्यांची रचना नाही. तो धमनीच्या भिंतीपेक्षा हजारो पट ताठ आहे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तितकाच ताठ राहतो.

आकड्यांत हा फरक किती?

या क्षेत्रात एक जुनी तुलना अजूनही वापरली जाते. दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरने वाढला तर माणसाची धमनी सुमारे ५.९ टक्के फुगते. पायाची शीर ४.४ टक्के, डेक्रॉन १.९ टक्के आणि ईपीटीएफई, म्हणजे ताणून सच्छिद्र केलेलं टेफ्लॉन, १.६ टक्के. त्याच अभ्यासात ग्राफ्ट उघडे राहण्याचं प्रमाणही जवळपास याच क्रमाने उतरत गेलं.

आता हिशेब करा. ६ मिलिमीटर व्यासाची धमनी, रक्तदाब १२० आणि ८०, म्हणजे दर ठोक्याला ४० चा चढउतार. धमनी साधारण ०.१४ मिलिमीटर फुगेल, ईपीटीएफईची नळी ०.०४. फरक पडला ०.१ मिलिमीटरचा, वहीच्या कागदाच्या जाडीएवढा. पण दिवसाला ठोके साधारण एक लाख.

कागदाच्या जाडीएवढ्या फरकाने काय बिघडणार?

बिघाड नळीच्या मध्यात होत नाही, जोडावर होतो. मऊ साडीला जड जरीचा काठ असेल तर ती कुठे फाटते? काठात नाही, मध्यावरही नाही, काठाला लागून. एका बाजूला ताणणारं आणि दुसऱ्या बाजूला न ताणणारं काही शिवलं की सगळा ओढा शिवणीपाशी साठतो.

धमनी आणि ग्राफ्ट यांच्या जोडावर हेच होतं. टाक्यांच्या रेषेवर धमनी जखडली जाते. तिथून काही मिलिमीटर पुढे मात्र ती नेहमीपेक्षा जास्त फुगू लागते, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे जवळजवळच्या दोन ठिकाणी एक पट्टा जखडलेला आणि दुसरा अती हलणारा. भिंतीतल्या स्नायूपेशींना हा ताण कळतो. त्या मधल्या थरातून आतल्या अस्तरात सरकतात, वाढतात, आपल्याभोवती तंतू विणतात आणि दुधावर साय जमावी तसं अस्तर जाड होत जातं. वैद्यकशास्त्रात याला इंटिमल हायपरप्लासिया म्हणतात. ऑपरेशननंतर काही महिने ते दोनेक वर्षं या काळात ग्राफ्ट बंद पडण्याचं हे मोठं कारण आहे.

रक्ताच्या वाहण्यावरही परिणाम होतो. नाडीची लाट मऊ नळीतून ताठ नळीत शिरताना तिचा काही भाग उलटा परततो. जोडापाशी प्रवाह मंदावतो, कुठेकुठे पुढेमागे हेलकावे खातो. धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना सरळ, एका दिशेने घासून जाणारा प्रवाह मानवतो. तो मिळाला नाही की त्या स्नायूपेशींना आवरून धरणारे रेणू कमी सोडतात.

हे सगळं खरंच लवचिकतेमुळे होतं, की कृत्रिम पदार्थामुळे? हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. विल्यम ॲबट यांच्या गटाने १९८७ मध्ये त्याचं उत्तर शोधलं. त्यांनी कृत्रिम पदार्थ वापरलेच नाहीत. कुत्र्यांच्या धमन्यांवर रासायनिक प्रक्रिया करून काही लवचीक ठेवल्या, काही ताठ केल्या आणि त्याच ग्राफ्ट म्हणून बसवल्या. लवचीकपैकी ८५ टक्के उघड्या राहिल्या, ताठपैकी ३७ टक्के.

तरीही सगळा दोष लवचिकतेच्या माथी मारणं मला पटत नाही. आतल्या पृष्ठभागावर रक्त गोठणं, दोन नळ्यांच्या व्यासातला फरक, जोडाचा कोन, पुढच्या बारीक धमन्यांची अवस्था, तंबाखू, साखर यांचाही त्यात वाटा असतो.

मग महाधमनीत डेक्रॉन वर्षानुवर्षं कसं टिकतं?

कारण तिथे जागा आहे. महाधमनीचा व्यास दोन-अडीच सेंटिमीटर, प्रवाह प्रचंड. अस्तर एक मिलिमीटर जाड झालं तरी वाट मोकळी राहते. तेवढीच जाडी ४ मिलिमीटरच्या नळीत चारही बाजूंनी आली तर मधे २ मिलिमीटर उरतात, म्हणजे वाटेचा पाऊणेक भाग गेला. म्हणूनच ६ मिलिमीटरहून बारीक कृत्रिम नळ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

कापडी ग्राफ्टची सुरुवात मात्र मोठ्या नळ्यांपासूनच झाली. सर्जन आर्थर व्हूरहीस यांना १९४७ मध्ये प्रयोगातल्या एका कुत्र्याच्या हृदयात, राहून गेलेल्या रेशमी टाक्यावर चकचकीत अस्तर चढलेलं दिसलं. धाग्यावर अस्तर येतं तर कापडाच्या नळीत का येणार नाही, या विचारातून त्यांनी विन्यॉन एन नावाच्या कापडाच्या नळ्या केल्या आणि १९५२ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. पुढे ह्यूस्टनमध्ये सर्जन मायकेल डिबेकी नायलॉन घ्यायला दुकानात गेले. नायलॉन संपलं होतं, म्हणून दुकानदाराने दिलेलं डेक्रॉन त्यांनी आणलं आणि घरच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. शिवणकाम त्यांना लहानपणी आईने शिकवलं होतं. यंत्रमागांच्या गावात वाढल्यामुळे असेल, पण ही हकीकत सांगताना मला दर वेळी भरून येतं.

महाधमनीत ताठ नळीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. महाधमनी ठोक्याच्या वेळी रक्ताचा काही भाग आपल्या फुगवट्यात साठवते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळात पुढे ढकलते. लांबलचक ताठ नळी बसली की ही सोय कमी होते, वरचा दाब चढतो आणि हृदयावरचं ओझं वाढतं. तरुण रुग्णांत याचा विचार करावाच लागतो.

बायपासला स्वतःचीच शीर का काढतात?

आतलं अस्तर जिवंत असतं आणि लवचिकताही धमनीच्या बरीच जवळ असते. पण शीर काही धमनी नव्हे. पायात तिच्यावर कमी दाब असतो, तिथे ती अगदी लुळी असते. धमनीच्या दाबावर आणलं की तिचं कोलॅजन लगेच ताठ होतं आणि पुढे तिची भिंतही जाड होत जाते. छातीतली इंटर्नल मॅमरी धमनी मात्र मुळात धमनीच आहे, शिवाय तिचं एक टोक बहुधा जागच्या जागी ठेवतात, त्यामुळे एक जोड वाचतो. दहा वर्षांनंतर ती नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत उघडी असते. पायाच्या शिरांपैकी तेव्हा निम्म्याच्या आसपास उरतात.

पायाची शीर आधीच वापरली गेली असेल तर?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. माझ्या आत्याची दोन्ही पायांची शीर हृदयाच्या बायपाससाठी काढली होती. काही वर्षांनी मधुमेहामुळे पायाचा रक्तपुरवठा कमी झाला, अंगठ्याची जखम भरेना. गुडघ्याखाली ईपीटीएफईची नळी जोडली. पहिले काही महिने पाऊल उबदार होतं, आत्या रोज हात लावून बघायची आणि आम्हालाही बघायला लावायची. मग एका सकाळी ते गार लागलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. सर्जननी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं होतं. त्यांच्याकडे योग्य नळीच नव्हती. मी या कामाकडे वळले ती तिथून.

अशा वेळी एक उपाय करतात: कृत्रिम नळी आणि धमनी यांच्या मधे शिरेच्या छोट्या तुकड्याची कड शिवतात. हाताची थोडीशी शीर त्याला पुरते. कपड्याला मधे मऊ पट्टी लावावी तसाच हा प्रकार. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत गुडघ्याखालच्या जोडात दोन वर्षांनी अशी कड असलेल्या नळ्यांपैकी ५२ टक्के उघड्या होत्या, नसलेल्यांपैकी २९ टक्के. गुडघ्याच्या वरच्या जोडात असा फायदा दिसला नाही आणि नंतरच्या काही अभ्यासांत गुडघ्याखालीही तो टिकला नाही. तरी मी सर्जनना या पर्यायाबद्दल जरूर विचारा असं सांगेन.

मऊ रबराची नळी का नाही वापरत?

सगळ्यांना आधी हेच सुचतं. रबर कमी दाबाला धमनीसारखं वागतं, पण धमनी जिथे अडते तिथे ते अडत नाही, फुगतच जातं. रक्तदाब अचानक चढला की तिथे फुगा होण्याची भीती. भिंत पातळ केली की नळी लवचीक होते पण टाका धरत नाही, धागा पदार्थ कापत बाहेर येतो. भिंत जाड केली की पुन्हा ताठ. छातीतली मॅमरी धमनी पाऱ्याच्या ३००० मिलिमीटरच्या आसपास दाबाला फुटते, इतकी ताकद आणि तरीही इतकी मऊ. दोन्ही एकत्र साधणं हीच खरी कसोटी आहे. पॉलियुरेथेनच्या नळ्यांनी बरीच आशा दाखवली होती, पण त्यातले जुने प्रकार शरीरातल्या पाण्याने आणि ऑक्सिडीकरणाने कालांतराने खराब व्हायचे.

होजिअरीवाल्यांना एक गोष्ट पटकन कळेल. बनियन ताणतो, धोतर ताणत नाही, जरी सूत तेच असलं तरी. निटिंगच्या फासांना जागा असते, मागावरच्या ताण्या-बाण्याला ती नसते. म्हणून निटिंगचा ग्राफ्ट मागावर विणलेल्यापेक्षा जास्त ताणतो. पण फास एकदा ओढून बसले की बसले, आपण होऊन पूर्ण परतत नाहीत. परत आणायला आत इलास्टिनसारखं काहीतरी हवंच.

लवचिकता मोजतात कशी?

नळी ३७ अंशांच्या पाण्यात धरून पंपाने ठोक्यासारखा दाब देतात आणि लेझरने किंवा कॅमेऱ्याने व्यास टिपतात. आयएसओ ७१९८ हे ग्राफ्टचं मानक दाबाच्या तीन टप्प्यांत मोजायला सांगतं: ५० ते ९०, ८० ते १२० आणि ११० ते १५०. कुठल्याही कंपनीने लवचिकतेचा एकच आकडा दिला तर विचारा, कोणत्या टप्प्यातला? धमनीचा आलेख वाकडा आहे, एका आकड्यात तो मावत नाही.

कोणाच्या धमनीशी जुळवायचं? वीस वर्षांच्या की सत्तर वर्षांच्या?

फार चांगला प्रश्न, आणि आमच्या क्षेत्रात तो पुरेसा विचारला जात नाही. इलास्टिन बहुतांशी बालपणीच तयार होतं. नंतर शरीर ते जवळजवळ नव्याने बनवत नाही, आहे त्यावरच आयुष्य काढतं. वय वाढतं तसं ते झिजतं, तुटतं आणि धमनी ताठ होते. मधुमेहात पायाच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठतं. काही रुग्णांत त्या इतक्या कडक होतात की घोट्याला पट्टा बांधून दाब मोजला तर खोटा जास्त येतो.

अशा धमनीला कोवळ्या धमनीसारखी नळी जोडली तर तीही विजोडच. म्हणून ‘जास्तीत जास्त लवचीक’ असं ध्येय ठेवणं मला चुकीचं वाटतं. ज्या जागी जोडायचं, त्या जागच्या धमनीशी जुळणारी नळी हवी, आणि त्यासाठी वेगवेगळ्या ताठपणाच्या नळ्या तयार असायला हव्यात. चपलेचे नंबर असतात तसे.

प्रयोगशाळेत जुळलेली नळी शरीरातही तशीच राहते का?

नाही, आणि आमच्या बहुतेक अपेक्षा इथेच मोडतात. शरीर परक्या वस्तूभोवती व्रणाचं वेष्टण घालतं. सच्छिद्र भिंतीत ऊती शिरतात, कोलॅजन भरतं आणि सुरुवातीला मऊ असलेली नळी काही महिन्यांत ताठ होऊ शकते. टाक्यांची रेषाही न विसरण्यासारखी. अखंड धावता टाका जोडाला करगोट्यासारखा आवळून धरतो, सुटे टाके थोडी मोकळीक देतात.

सध्या कोणत्या दिशेने काम चाललं आहे?

मला सर्वांत आशा वाटते ती दोन थरांच्या नळ्यांची. आत मऊ, रबरी थर आणि बाहेर नागमोडी ठेवलेल्या ताठ तंतूंची जाळी. दाब वाढला की तंतू सरळ होतात आणि अडवतात, म्हणजे धमनीचीच युक्ती. विजेच्या दाबाने द्रावणातून केसाहून कितीतरी बारीक तंतू ओढण्याच्या पद्धतीने, म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंगने, असे थर घालता येतात.

दुसरी वाट म्हणजे शरीरालाच धमनी बांधू देणं. विरघळणाऱ्या सांगाड्यावर माणसाच्या पेशी वाढवायच्या, त्यांनी भिंत विणली की पेशी धुऊन काढायच्या आणि उरलेली नळी कोणालाही बसवायची. अशी एक नळी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये हातापायांच्या गंभीर जखमांसाठी मंजूर झाली. अशा वाढवलेल्या नळ्यांत कोलॅजन भरपूर येतं, पक्व इलास्टिन मात्र फार कमी. तो कोपरा अजून रिकामा आहे.

भारतात यावर काम होतं का?

होतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हृदयाची देशी झडप बनवली, ती १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. पॉलिएस्टरच्या रक्तवाहिनी-ग्राफ्टवरही या संस्थेने काम केलं आहे. बारीक, लवचीक नळीसाठी आपल्याकडच्या कापडगावांमधलं कसब उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. सूत, ताण, फास यांची समज असलेली माणसं इचलकरंजीत आणि सोलापुरात गल्लोगल्ली आहेत.

वडिलांच्या हातात डायलिसिससाठी ग्राफ्ट बसवला आहे. आम्ही काय बघायचं?

डायलिसिसच्या ग्राफ्टमध्ये अरुंदपणा बहुतेक वेळा शिरेकडच्या जोडावर येतो, कारण तिथे ताठ नळी, पातळ शीर आणि धमनीच्या जोराने येणारं रक्त एकत्र भेटतात. घरात बसून ती लवचिकता बदलता येत नाही, पण अडथळा लवकर ओळखता येतो. रोज सकाळी ग्राफ्टवर हलकी बोटं ठेवा. मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी थरथर लागली पाहिजे. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नका, त्यातून रक्त तपासायला घेऊ देऊ नका, त्या कुशीवर झोपू देऊ नका, घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालू देऊ नका. थरथर कमी झाली, किंवा तिच्या जागी नुसता ठोका लागायला लागला, सुई काढल्यावर रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबेना, हात सुजला, तर पुढच्या डायलिसिसच्या दिवसाची वाट न बघता युनिटला फोन करा. थरथर पूर्ण थांबली असेल तर त्याच तासाला.